चाच्याचा अंगरखा कोणी शिवला?

चित्रपटातले समुद्री चाचे खरोखर तसे दिसायचे का? एका डोळ्यावर काळी पट्टी, कानात मोठी बाळी, डोक्याला लाल रुमाल, मांडीपर्यंत चढलेले बूट आणि खांद्यावर पोपट. ज्यांनी समुद्र कधी पाहिलेला नाही, अशी जालना-अंबडकडची मुलेसुद्धा हे चित्र डोळे मिटून काढू शकतात. आणि चित्र काढून झाले की तीच मुले विचारतात, हे खरे आहे का?

थोडक्यात उत्तर असे : त्यातला थोडा भाग खरा, बराचसा नंतर जोडलेला. पण हे उत्तर नुसते ऐकून भागत नाही. खरे कसे ओळखायचे आणि जोडलेले कुठून आले, हे समजून घेतले तर तीच कसोटी आपल्याकडच्या ऐतिहासिक चित्रपटांनाही लावता येते. म्हणून एकेक पायरी चढू.

१. चाच्यांच्या दरबारात एक आंग्रे

हा विषय आपल्याला परका नाही. २००७ मध्ये आलेल्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन : ॲट वर्ल्ड्स एन्ड’ या हॉलिवूडपटात जगभरच्या नऊ चाचे-सरदारांचा दरबार भरतो. त्या नवांपैकी एकाचे नाव आहे श्री संभाजी आंग्रिया, हिंदी महासागराचा चाचे-सरदार! डोक्याला पगडी आणि भरघोस दाढी असलेला हा माणूस मार्शल मानेश या मूळ इराणी नटाने साकारला आहे.

नाव खरे आहे. संभाजी आंग्रे हे सरखेल कान्होजी आंग्र्यांचे पुत्र. थोरले बंधू सेखोजी १७३३ मध्ये वारल्यावर सरखेली, म्हणजे आरमाराचे सेनापतिपद, त्यांच्याकडे आली. सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग ही त्यांची बळकट ठाणी. डिसेंबर १७३५ मध्ये त्यांच्या आरमाराने ईस्ट इंडिया कंपनीचे ‘डर्बी’ हे मोठे जहाज पकडले, तेव्हा मुंबईकर इंग्रजांचे धाबे दणाणले. कंपनीच्या कागदांत आंग्रे कायम ‘पायरेट’ म्हणजे चाचे म्हणूनच येतात. आणि त्याच घराण्याचे नाव स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ मध्ये आपल्या मुंबईतल्या तळाला दिले : आयएनएस आंग्रे.

एकच माणूस एकाच्या वहीत दर्यावरचा लुटारू, तर दुसऱ्याच्या वहीत आरमाराचा सेनापती. मग त्याच्या अंगावर पोशाख कोणता चढवायचा? हा प्रश्न मनात ठेवू आणि आधी युरोपीय चाच्यांकडे जाऊ, कारण पडद्यावरचे चित्र त्यांच्यावरूनच काढले गेले.

२. डोलकाठीवर चढणाऱ्याचे कपडे

चाचेगिरीचा बहराचा काळ साधारण १६५० ते १७३० हा मानतात. या काळातले बहुतेक चाचे आधी साधे खलाशी होते. व्यापारी जहाज लुटले जायचे, त्यावरचे काही खलाशी लुटारूंना सामील व्हायचे, आणि काल माल वाहणारा माणूस आज चाचा व्हायचा. कपडे मात्र तेच राहायचे. म्हणून चाच्याचा पोशाख शोधायचा तर खलाशाचा पोशाख पाहावा लागतो.

खलाशाचे काम काय? शिडे सोडायची-गुंडाळायची, दोरखंडांवरून डोलकाठीवर चढायचे, ओल्या फळ्यांवर धावपळ करायची. या कामात लांब झुलता कोट दोरात अडकतो. म्हणून खलाशाचा कोट आखूड, कमरेपर्यंतचा असे. खाली जाड कापडाची सैल, पोटरीपर्यंतची विजार. पाणी आत मुरू नये म्हणून कापडाला डांबर चोळायची पद्धत होती. आत चौकडीचा सदरा. गळ्याला रुमाल. डोक्यावर विणलेली लोकरी टोपी, कारण रुंद काठाची हॅट वाऱ्याने उडते. काम करताना अनेकदा अनवाणी पाय.

आता मांडीपर्यंतचे बूट घ्या. ते घोडेस्वाराचे पादत्राण. रिकिबीत पाय घालणाऱ्याला त्यांचा उपयोग होतो. ओल्या डेकवर तळवा घसरतो, आणि माणूस पाण्यात पडला तर बुटात पाणी भरून तो खाली जातो. असले बूट घातलेला खलाशी डोलकाठीवर चढलाच नसता.

इथे एक मुद्दा सहज निसटतो. चाच्यांना गणवेश नव्हता, हे ऐकून आश्चर्य वाटत नाही. पण त्यांचा पाठलाग करणाऱ्या इंग्लंडच्या आरमारातही तेव्हा गणवेश नव्हता. तिथे अधिकाऱ्यांना गणवेश मिळाला १७४८ मध्ये आणि साध्या खलाशांना थेट १८५७ मध्ये. १७०६ मध्ये आरमाराने कपडे पुरवणाऱ्यांशी करार केला आणि करड्या रंगाचे, लाल अस्तराचे कोट वगैरे कपड्यांचा नमुना ठरवून दिला. तरी हे कपडे सक्तीचे नव्हते. जहाजाच्या कोठीत ते विकायला ठेवलेले असत, हवे त्याने घ्यावेत आणि पैसे पगारातून कापले जावेत. म्हणजे १७१० साली चाचा आणि सरकारी खलाशी शेजारी उभे केले असते, तर नुसत्या कपड्यांवरून कोण कोण हे सांगता आले नसते.

३. कापड यायचे कुठून?

पुढची पायरी कापडाची. महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या माणसाचे कपडे लवकर विरतात. चाच्याला बंदरात उतरून शिंप्याकडे जाणे धोक्याचे. मग नवे कपडे मिळायचे ते लुटीतूनच.

बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या वेल्श चाच्याच्या जहाजावर सगळ्यांना बांधील असलेली नियमावली होती. तिच्यात एक कलम असे आहे की पकडलेल्या जहाजावर माणसांनी यादीनुसार पाळीपाळीने जावे, कारण लुटीतल्या ठरलेल्या वाट्याखेरीज प्रत्येकाला अंगावरचे कपडे बदलून घेण्याची मुभा होती. नवे कपडे ही इतकी मोठी चैन होती की तिच्यावरून भांडणे होऊ नयेत म्हणून नियम करावा लागला.

अशा लुटीत हिंदुस्थानी कापड भरपूर सापडायचे. कॅप्टन विल्यम किडने १६९८ च्या जानेवारीत कोचीनजवळ ‘क्वेडा मर्चंट’ हे जहाज पकडले. ते बंगालहून सुरतेला निघाले होते आणि त्यात रेशीम, मलमल, सुती कापड, साखर, अफू असा माल होता. जॉन रॅकम हा कॅरिबियन समुद्रातला चाचा ‘कॅलिको जॅक’ म्हणून ओळखला जाई, तो हिंदुस्थानी धर्तीच्या सुती कापडाचे कोट-विजार घाले म्हणून. या कापडाची इंग्लंडमध्ये इतकी चलती झाली की तिथल्या लोकरी आणि रेशमी कापडाच्या विणकरांनी आरडाओरड केली. १७०१ पासून रंगीत-छापील हिंदुस्थानी कापडाच्या आयातीवर बंदी आली आणि १७२१ च्या कायद्याने बहुतेक सुती छापील कापड वापरण्यावरही. लंडनच्या सभ्य बाईला जे अंगावर घालायला बंदी, ते चाच्याच्या अंगावर बिनदिक्कत असायचे. 

४. थाटमाट अगदीच खोटा होता का?

नाही. आणि इथे पडद्याला त्याचे श्रेय द्यायला हवे. रॉबर्ट्स १० फेब्रुवारी १७२२ रोजी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ लढताना मेला. १७२४ मध्ये लंडनला छापलेल्या चाच्यांच्या चरित्रसंग्रहात त्या दिवशीचा त्याचा वेष सांगितला आहे : किरमिजी बुट्टीदार रेशमाचे बंडी-विजार, टोपीत लाल पीस, गळ्यात सोन्याची साखळी आणि तिला हिऱ्यांचा क्रूस, खांद्यावरून रेशमी पट्ट्याला लटकवलेली पिस्तुले. पण हा कप्तान, आणि हा लढाईचा दिवस. बाकीच्या शे-दोनशे माणसांच्या वाट्याला असले कपडे येणे शक्यच नव्हते.

साध्या चाच्याचे वर्णन हवे तर न्यायालयाचे कागद पाहावेत. रॅकमच्या टोळीत ॲन बॉनी आणि मेरी रीड या दोन स्त्रिया होत्या. १७२० मध्ये जमैकात त्यांच्यावर खटला चालला, तेव्हा लुटल्या गेलेल्या एका बाईने साक्ष दिली की या दोघींच्या अंगात पुरुषी कोट आणि लांब विजारी होत्या, डोक्याला रुमाल बांधलेले होते आणि हातात सुरा व पिस्तूल होते. म्हणजे डोक्याचा रुमाल खरा. तिकोनी हॅटही खरी, पण ती त्या काळात वकील, व्यापारी, पाद्री सगळेच घालत. ती चाच्याची खूण नव्हती.

समुद्राच्या तळातूनही पुरावा मिळाला आहे. ‘व्हायडा’ हे चाच्यांचे जहाज १७१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या केप कॉडजवळ वादळात बुडाले. १९८४ मध्ये ते सापडले. त्यातून वर आलेल्या वस्तूंत बूट आणि रेशमी मोजा आहे. मोजा रेशमाचा आहे खरा, पण लंडनच्या रस्त्यावर दिसला असता तसाच.

आणि डोळ्यावरची पट्टी? इराणच्या आखातात रहमा बिन जाबिर नावाचा एक चाचा होऊन गेला. तो १८२६ मध्ये लढाईत मेला. त्याचा एक डोळा खरोखर गेलेला होता. जेम्स बकिंगहॅम या इंग्रज प्रवाशाने त्याला पाहून लिहून ठेवले आहे की त्याचे राहणे अत्यंत साधे, अंगात एकच सदरा, तो फाटेपर्यंत न धुतलेला, वरून बकरीच्या केसांचा काळा झगा. अनोळखी माणसाला त्याच्या नोकरचाकरांच्या घोळक्यात मालक कोण हे कळत नसे. ज्याच्या नावाने सारे आखात कापायचे, तो घोळक्यात ओळखू येत नव्हता!

५. मग पडद्यावरचा पोशाख आला कुठून?

त्याचा खरा शिंपी एक चित्रकार. हॉवर्ड पाईल हा अमेरिकेतल्या विल्मिंग्टन गावचा (१८५३-१९११). एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने मासिकांसाठी चाच्यांची चित्रे काढली. चाचेगिरीचा काळ तोवर दीडशे वर्षे मागे पडला होता. पाईलने स्पॅनिश खेडूत आणि डोंगरी दरोडेखोर यांचे वेष उचलले. रंगीत कमरपट्टा, डोक्याला गुंडाळलेला रुमाल, कानातल्या मोठ्या बाळ्या हे सगळे त्याने चाच्याच्या अंगावर चढवले. चित्रे इतकी जिवंत होती की पुढच्यांनी तीच पुरावा म्हणून धरली. त्याचा शिष्य एन. सी. वायेथ याने १९११ मध्ये ‘ट्रेझर आयलंड’ची चित्रे काढली. लाकडी पाय वा कुबडी आणि पोपट यांची सांगड स्टीव्हन्सनच्या त्या १८८३ च्या कादंबरीने आधीच लोकांच्या मनात घातली होती. हाताच्या जागी आकडा आला १९०४ च्या ‘पीटर पॅन’ नाटकातून.

नंतर पडदा आला. १९२६ मध्ये डग्लस फेअरबँक्सने ‘द ब्लॅक पायरेट’ हा रंगीत मूकपट काढला, त्यावर पाईलचा ठसा उघड दिसतो. १९५० च्या डिस्नेच्या ‘ट्रेझर आयलंड’मध्ये रॉबर्ट न्यूटनने चाच्याला ती घोगरी, गावंढळ बोलीही दिली. २००३ मध्ये जॉनी डेपने कॅप्टन जॅक स्पॅरो उभा केला. त्याची लकब त्याने कीथ रिचर्ड्स या रॉक गायक-गिटारवादकावरून घेतली. म्हणजे आजच्या मुलांच्या डोळ्यांसमोरचा चाचा हा अमेरिकन चित्रकाराचे कपडे घालून विसाव्या शतकातल्या गिटारवादकाच्या चालीने चालतो.

पडद्याला असे का करावे लागते? शाळेचे स्नेहसंमेलन आठवा. जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेत ‘शेतकरी’ झालेला मुलगा धोतर, मुंडासे आणि खांद्यावर घोंगडी अशा वेषात रंगमंचावर येतो. टाळ्या वाजवणारा त्याचा खरा शेतकरी बाप मात्र प्रेक्षकांत शर्ट-पँट घालून बसलेला असतो. मुलगा बापासारखे कपडे घालून आला असता तर शेवटच्या रांगेला तो शेतकरी आहे हे कळलेच नसते. चित्रपटाची अडचण हीच. खरा चाचा आणि खरा खलाशी सारखेच दिसत. प्रेक्षकाला मात्र दोन सेकंदांत कळले पाहिजे की हा वाईट, तो चांगला. म्हणून जो फरक कपड्यांत नव्हता तो कपड्यांत शिवावा लागतो.

६. कोकणकिनारी

आता आंग्र्यांकडे परत येऊ. त्यांच्या आरमारात मुख्य जहाजे दोन जातींची : गुराब आणि गलबत. अठराव्या शतकातला इतिहासकार रॉबर्ट ऑर्म सांगतो की गुराबा दीडशे ते तीनशे टनांच्या असत आणि गलबते क्वचितच सत्तर टनांच्या वर. गलबताला चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की ही गलबते वल्हवत पुढे येत, गरज पडली तर गुराबेला ओढून नेत आणि अडकून पडलेल्या इंग्रजी जहाजाला घेरत.

एवढे कळले की पोशाख अर्धा कळला. दमट किनारा, कडक ऊन आणि हातात वल्हे. अशा माणसाच्या अंगावर जेवढे कपडे कमी तेवढे बरे. कोळी, भंडारी, गाबीत, दालदी या किनाऱ्यावरच्या जातीजमातींतून हे खलाशी येत. लंगोटी, कमरेचा रुमाल, डोक्याला मुंडासे किंवा टोपी हा त्यांचा वेष, मासेमारीला जाताना जो असे तोच.

वरच्या हुद्द्यावर चित्र बदलते. तिथे जामा, सुरवार, कमरेला शेला, डोक्याला पगडी. इथे आपल्या राज्यकारभारातली एक पद्धत ध्यानात घ्यायला हवी. नेमणूक झाली की छत्रपतींकडून वस्त्रे मिळत. पेशवाईची वस्त्रे, तशीच सरखेलीची. १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू छत्रपतींच्या पक्षात आले आणि त्यांची सरखेली कायम झाली. अशा वेळी मिळालेला पोशाख म्हणजे अधिकाराची पावतीच. पण तो दरबारात नेसायचा. विजयदुर्गाच्या खाडीतून गलबत हाकारताना तो कोणी अंगावर घालत नसे.

गंमत अशी की खरे युरोपीय चाचेही आंग्र्यांच्या पदरी आले. क्लेमंट डाउनिंग या इंग्रजाने १७३७ मध्ये छापलेल्या पुस्तकात मादागास्करचा जेम्स प्लँटेन हा चाचा आंग्र्यांच्या चाकरीत गेल्याचे लिहिले आहे. काल चाचा, आज सरखेलांचा चाकर. उलट बाजूही तशीच. मादागास्करच्या चाच्यांचा बंदोबस्त करायला इंग्लंडहून आलेला कमोडोर मॅथ्यूज १७२१ च्या डिसेंबरमध्ये पोर्तुगीजांना घेऊन आंग्र्यांच्या कुलाब्यावर चालून गेला, आणि हात हलवत परतला.

७. खरी ओळख कागदावर

मग त्या काळी चाचा ओळखायचा कसा? कागदावरून.

सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज अरबी समुद्रावर परवाना विकत, त्याला ‘कार्ताझ’ म्हणत. तो नसलेले जहाज जप्त. मोगलांची जहाजेसुद्धा तो घेत. शिवकाळापासून मराठ्यांनीही आपला कौल देणे सुरू केले. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. कौल घेतलेल्या सावकारी तारवांना उपद्रव देऊ नये, हा त्यातला स्पष्ट दंडक. कान्होजी दस्तक म्हणजे परवाना मागत ते याच हक्काने. इंग्रज म्हणत, दस्तक द्यायचा अधिकार आमचा, तुमचा कागद आम्ही मानत नाही. कागद मानला तर तुम्ही सरकार, न मानला तर तुम्ही चाचे. सगळा वाद एवढाच.

किडची कहाणी याच कागदाची. त्याच्यापाशी शत्रूची जहाजे पकडण्याचा इंग्लंडच्या राजाचा परवाना होता. ‘क्वेडा मर्चंट’वर फ्रेंचांचे दस्तक होते आणि फ्रान्स शत्रू, म्हणून आपण केले ते कायदेशीर, असे त्याचे म्हणणे. खटल्याच्या वेळी ती फ्रेंच दस्तके सापडलीच नाहीत. २३ मे १७०१ रोजी लंडनला टेम्सच्या काठी त्याला फाशी दिले. पुढे विसाव्या शतकात ती दस्तके लंडनच्या सरकारी दफ्तरात मिळाली. माणूस तोच, कोट तोच. दोन कागद जागेवर असते तर इतिहासात त्याचे नाव कदाचित वेगळ्या रकान्यात पडले असते.

८. जालना, नोव्हेंबर १६७९

हीच कसोटी आता जमिनीवर आणि आपल्या गावात लावून पाहू. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांची फौज मोगली मुलखातल्या जालन्यावर आली. मोगलांचा सरदार दिलेरखान तेव्हा विजापूरला वेढा घालून बसला होता. त्याचे लक्ष उडवायचे आणि विजापूरला दिलासा द्यायचा, हा या स्वारीमागचा डाव. जालना मोठी पेठ. चार दिवस ती लुटली गेली. परतताना संगमनेरच्या बाजूला मोगल सरदार रणमस्तखानाने गाठले, त्या लढाईत सिधोजी निंबाळकर पडले. बहिर्जी नाईकांनी आडवाटेने फौज पट्टागडावर सुखरूप नेली, म्हणून तो विश्रामगड.

समजा, त्या सकाळी एक वाणी जालन्याच्या वेशीत उभा आहे. समोरून येणारा स्वार मोगलांचा की मराठ्यांचा, हे त्याने कशावरून ओळखावे?

स्वाराच्या डोक्याला मुंडासे, अंगात सुती अंगरखा किंवा जामा, खाली घट्ट चोळणा, कमरेला शेला, पाठीला ढाल, हातात भाला. वाणी गोंधळेल. कारण मोगलांच्या दख्खनी फौजेतही मराठा सरदार आणि त्यांचे स्वार होतेच, आणि जामा तर दिल्लीपासून विजापूरपर्यंत सगळीकडेच चालत असे. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये महाराजांचे सतराव्या शतकातले चित्र आहे. त्यातला जामा, कमरेचा पटका, तुरा लावलेली पगडी हे त्या काळच्या दख्खनी सरदाराचेच कपडे. एक बारीक फरक मात्र असे. हिंदूंनी जाम्याचा बंद डावीकडे बांधायचा आणि मुसलमानांनी उजवीकडे, असा रिवाज होता. पण मोगलांच्या चाकरीतल्या मराठ्याचा बंदही डावीकडेच. तेव्हा वाण्याला तोही पुरेसा नाही. त्याला निशाण पाहावे लागेल, बोली ऐकावी लागेल.

त्यात मराठा फौजेत दोन प्रकारचे स्वार. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचे घेऊन येई. ज्याचा घोडासुद्धा स्वतःचा, त्याचे कपडे सरकार एकसारखे कसे शिवून देणार?

आता चाचा आणि मराठा स्वार यांच्यातला खरा फरक पाहा. सभासदाने आपल्या बखरीत शिवकाळातला दंडक सांगितला आहे. स्वारीला निघताना प्रत्येक माणसाच्या चीजवस्तूंची याद करायची. परत आला की झाडा घ्यायचा. यादीपेक्षा जास्त काही निघाले तर ते सरकारजमा, नाहीतर पगारातून वजा. तिकडे रॉबर्ट्सच्या जहाजावर नियम काय? लुटलेल्या जहाजावर जा आणि अंगावर नवे कपडे चढवून घ्या. जालन्याच्या पेठेत सापडलेला रेशमी तागा चाच्याच्या हाती लागता तर संध्याकाळी त्याच्या अंगावर दिसला असता. इथे तो झाड्याच्या कागदावर दिसायचा. लुटल्या गेलेल्या वाण्याला या फरकाने काही दिलासा मिळाला नसता, हेही खरे. त्याचे दुकान दोन्हीकडून रिकामेच.

त्यानंतर १२४ वर्षांनी याच जिल्ह्यात कपड्यांवरून माणसे ओळखू येऊ लागली होती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असईजवळ, शिंदे-भोसल्यांची फौज आणि कंपनीचा सेनानी आर्थर वेलस्ली भिडले. कंपनीचे शिपाई लाल डगल्यात, पलटणीवार एकसारखे. शिंद्यांकडेही युरोपीय कवायत शिकलेल्या पलटणी पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाच्या हुकुमतीत होत्या. गणवेशाचा सैनिक ही आपल्या भागात एवढी अलीकडची गोष्ट. ऐतिहासिक चित्रपटात सतराव्या शतकातली अख्खी फौज एका रंगात, एका शिवणीत उभी दिसली, तर तिथे उशिराची सवय जुन्या काळाच्या अंगावर घातलेली असते.

९. पडद्यासमोर बसताना तीन प्रश्न

कोणताही ऐतिहासिक चित्रपट पाहताना पोशाखाला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हे घालून त्या माणसाचे काम होते का? दुसरा, हे कापड किंवा कातडे त्याला तिथे, त्या दिवसांत मिळत होते का? तिसरा, त्याचा शत्रू आणि शेजारीही हेच घालत होता का?

एक उदाहरण सोडवून पाहू. हल्लीच्या ऐतिहासिक पडद्यावर मावळ्याच्या छातीवर काळपट चामड्याचे पट्टे आणि चिलखते बरीच दिसतात. पहिला प्रश्न : घाट चढायचा, दख्खनच्या उन्हात दिवसाला कोसच्या कोस मजल मारायची. अंगावर चामडे तापते, घाम मुरत नाही. नापास. दुसरा प्रश्न : ढालीला, खोगिराला, म्यानाला कातडे लागायचेच, ते मिळत होते. पास. पण वार अडवायला आपल्याकडे आत कापूस भरून टाचलेला जाड डगला होता, आणि ज्याला परवडे त्याला लोखंडी कड्यांचे बख्तर. तिसरा प्रश्न : मोगल स्वारही तोच डगला, तेच बख्तर घालत असे. मग चामड्याचा पट्टा आला कुठून? युरोपीय मध्ययुगावरच्या इंग्रजी मालिका-चित्रपटांतून, जिथे योद्धा म्हटले की काळे कातडे हा आता ठरून गेलेला वेष आहे.

चाच्यांच्या दरबारातल्या संभाजी आंग्रियालाही हेच प्रश्न लावता येतात. पगडी पहिल्या दोन प्रश्नांत पास होते, कारण कोकणातला वरच्या हुद्द्याचा माणूस ती बांधायचाच. अडते ते तिसऱ्याशी. तशीच पगडी त्याच्याशी व्यापार करणारा सावकार बांधायचा, त्याच्याशी भांडणारा जंजिऱ्याच्या सिद्दीचा कारभारी बांधायचा आणि सातारच्या दरबारातला कारकूनही बांधायचा. पगडीने तो चाचा ठरत नाही. तो चाचा की सरखेल हे मुंबईच्या इंग्रजांनी एका कागदावर लिहिले आणि साताऱ्याने दुसऱ्या. पोशाख तपासून झाला की कोणाचा कागद धरून हा चित्रपट काढला आहे, तेवढे विचारायचे राहते.